एका सर्व्हरवर सहा साइट्स असतील तर यूझर किती हवेत?

२०२२ ची दिवाळी नुकतीच संपली होती. मी साताऱ्यात घरी होतो आणि सांगलीहून बेदाण्याच्या एका व्यापाऱ्यांचा फोन आला. वडिलांचे मित्र आहेत, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. "अरे, गुगलवर दुकानाचं नाव टाकलं की खाली चिनी काहीतरी येतंय. तू काही केलंस का?"

चिनी नव्हतं, जपानी होतं. हा हल्ला जुना आणि प्रसिद्ध आहे. साइटमध्ये घुसून हजारो खोटी पानं तयार करतात, त्यांवर जपानी मजकूर आणि नकली मालाच्या जाहिराती टाकतात. साइट उघडली तर सगळं नीट दिसतं, पण गुगलच्या बॉटला ती पानं दाखवली जातात. मी रात्री बसून साइट साफ केली, वर्डप्रेस नव्याने टाकलं, पासवर्ड बदलले. चौथ्या दिवशी परत तेच. परत साफ केली. परत तेच.

तेव्हा माझ्याकडे महिन्याच्या भाड्याचा एक व्हीपीएस होता, २ जीबी रॅमचा. त्यावर सहा साइट्स होत्या: काकांची बेदाण्याची, सांगलीतल्याच एका हळदीच्या अडत्यांची, साताऱ्यातलं कंदी पेढ्यांचं दुकान, स्पर्धा परीक्षांचा एक क्लास, कासच्या रस्त्यावरचं एक होमस्टे आणि माझा स्वतःचा ब्लॉग. सगळ्या वर्डप्रेसवर. इंजिनिअरिंग करताना मित्राच्या खोलीत बसून जसा सर्व्हर लावायला शिकलो होतो तसाच लावला होता: उबुंटू, अपाची, पीएचपीचं मॉड्यूल, आणि प्रत्येक साइटला एक व्हर्च्युअल होस्ट. इंटरनेटवर बहुतेक ट्युटोरियल्स हेच शिकवतात आणि ते चालतंही. अडचण येते ती यानंतर.

काकांच्या साइटमधली भानगडीची फाईल सापडली तेव्हा मी 'स्टॅट' कमांड चालवली. फाईलची बदल-तारीख २०१९ ची दाखवत होती, म्हणजे सर्व्हर घेण्याच्याही आधीची. हल्लेखोर ही तारीख 'टच' कमांडने हवी तशी बदलतात, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पण लिनक्स आणखी एक वेळ ठेवतो, सी-टाईम. ती इतक्या सहज बदलता येत नाही. तिथे होतं रात्री २ वाजून १७ मिनिटं. काकांच्या साइटचा लॉग उघडला, तर २ ते ३ या वेळात एकही पोस्ट रिक्वेस्ट नव्हती. मग फाईल लिहिली कुणी?

बाकीच्या पाच साइट्सचे लॉग काढले. २ वाजून १७ मिनिटांनी एक पोस्ट रिक्वेस्ट होती, होमस्टेच्या साइटवर, फोटो गॅलरीच्या एका जुन्या प्लगिनला. ते प्लगिन मी दोन वर्षं अपडेट केलं नव्हतं. कासच्या फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर. तो संपला की त्या साइटकडे मालकही बघत नाहीत आणि खरं सांगायचं तर मीही बघत नव्हतो.

चोर होमस्टेच्या खिडकीतून आत आला आणि काकांच्या दुकानात शिरला. मी मात्र दुकानाचंच कुलूप बदलत बसलो होतो.

कर्नलला साइट कळत नाही

लिनक्सच्या कर्नलला 'बेदाण्याची साइट' किंवा 'पेढ्यांची साइट' असलं काही माहीत नसतं. त्याला फक्त प्रोसेस दिसते, आणि त्या प्रोसेसवर एक आकडा असतो, यूआयडी. फाईलवरही मालकाचा आकडा असतो, एका ग्रुपचा आकडा असतो आणि तीन जणांसाठी परवानग्या असतात: मालक, ग्रुप आणि इतर. प्रोसेसने फाईल उघडायला मागितली की कर्नल हे आकडे जुळवून बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. बस, एवढंच.

उबुंटू आणि डेबियनवर वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या यूझरखाली चालतो. त्याचा यूआयडी ३३. नाव लांबलचक आहे, म्हणून इथून पुढे मी त्याला तेहतीस नंबर म्हणतो. अपाची सुरू होताना रूट असतो, कारण ८० आणि ४४३ हे पोर्ट १०२४ च्या खालचे आहेत आणि ते घ्यायला सहसा रूट लागतो. पोर्ट हातात आले की तो मुलं जन्माला घालतो आणि ती मुलं रूटपण सोडून तेहतीस नंबर होतात. रिक्वेस्टना उत्तरं हीच मुलं देतात.

पीएचपी मॉड्यूल म्हणून लावलं असेल तर पीएचपीचा कोड याच मुलांच्या पोटात चालतो. म्हणजे सकाळी ११ वाजता पेढ्यांच्या साइटचा कोड चालवणारी प्रोसेस ११ वाजून १ सेकंदाला क्लासचा कोड चालवते. दोन्ही वेळा ती तेहतीस नंबरच असते. होमस्टेच्या प्लगिनमधून घुसलेला माणूसही तेहतीस नंबरच. त्याने शेजारच्या फोल्डरमध्ये फाईल लिहायला मागितली, कर्नलने आकडे बघितले, जुळले, दिली परवानगी. कर्नलचं काहीच चुकलं नाही.

इथे बरेच जण, तेव्हाचा मीसुद्धा, परवानग्या घट्ट करायच्या मागे लागतात. ७५५ चं ७५० करा, ६४४ चं ६४० करा. त्याने काहीही होत नाही. कारण डब्ल्यूपी-कॉन्फिग ही फाईल, जिच्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, ती तेहतीस नंबरला वाचता आलीच पाहिजे, नाहीतर त्या साइटचीच पीएचपी चालणार नाही. आणि त्याला वाचता आली की ती बाकीच्या पाचही साइट्सच्या कोडला वाचता येते. यूझर एकच असेल तर परवानग्यांनी ही गाठ सुटत नाही.

आणि लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त वाईट. लिहिलेली फाईल सापडते. वाचलेल्या फाईलचा मागमूस राहत नाही. क्लासच्या डेटाबेसमध्ये मुलांची नावं आणि मोबाईल नंबर होते. त्या डेटाबेसचा पासवर्ड होमस्टेमधून वाचता येत होता. कुणी वाचला का? सांगता येत नाही, म्हणून वाचला असंच धरायचं. क्लासच्या सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण आमची साइट तर हॅक झालीच नाही ना?" त्यांचं खरं होतं. त्यांच्या साइटमध्ये एकही भोक नव्हतं. दोष मी त्यांना कुणाच्या शेजारी बसवलं होतं त्यात होता. आम्ही दोघांनी मिळून पालकांना पाठवायचा मेसेज लिहिला: फोनवर कुणी क्लासच्या नावाने फी मागितली तर देऊ नका. तो मेसेज लिहिताना मला जेवढी लाज वाटली तेवढी अख्ख्या नोकरीत वाटलेली नाही.

मग अपाचीने यूझर बदलावा की!

हा प्रश्न साहजिक आहे. रिक्वेस्ट पेढ्यांची आली तर पेढ्यांचा यूझर व्हायचं, क्लासची आली तर क्लासचा. पण रूट सोडून साधा यूझर झालेल्या प्रोसेसला परत रूट होता येत नाही, आणि रूट न होता दुसऱ्याचा यूझर घेता येत नाही. परत फिरायची ताकद राखून ठेवली तर ती ताकद आत घुसलेल्या चोरालाही मिळते. वर रिक्वेस्ट कुठल्या साइटची आहे हे ती वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर वाचण्याचं सगळ्यात धोक्याचं काम जास्त ताकद असतानाच करावं लागतं.

लोकांनी तरी प्रयत्न केले. १९९० च्या दशकातच अपाचीत 'एसयूएक्झेक' आलं. ते सीजीआयसाठी होतं: प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस, ती त्या साइटच्या यूझरखाली. सुरक्षित, पण प्रत्येक वेळी पीएचपी नव्याने सुरू करायचं म्हणजे पेढा घ्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी भट्टी पेटवण्यासारखं. अपाची २.० मध्ये 'परचाइल्ड' नावाचा प्रकार होता, तो कधी पूर्ण झालाच नाही. 'एमपीएम-आयटीके' आजही मिळतो. तो रिक्वेस्टसाठी वेगळी प्रोसेस काढून तिचा यूझर बदलतो, पण हेडर वाचून होईपर्यंत तिच्याकडे रूटसारखी ताकद असते. छोट्या सर्व्हरवर मी तो वापरणार नाही.

खरा मार्ग निघाला तो पीएचपीला अपाचीच्या पोटातून बाहेर काढल्यावर. पीएचपी-एफपीएम २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीपासून पीएचपीचाच भाग झालं. यात पीएचपीच्या प्रोसेस वेगळ्या चालतात, गटागटाने. त्या गटाला पूल म्हणतात, आणि प्रत्येक पूलला स्वतःचा यूझर देता येतो. पूलमधल्या प्रोसेस सुरू होतानाच त्या यूझरच्या होतात आणि कायम त्याच राहतात. यूझर बदलायची वेळच येत नाही. अपाची किंवा एनजिनएक्स फक्त निरोप्या: पेढ्यांची रिक्वेस्ट पेढ्यांच्या पूलकडे, क्लासची क्लासच्या.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलेली, एकेकाची हळद एकेका पेवात. एकात कीड लागली तर शेजारच्यात जात नाही. आमचे हळदीचे अडते, ज्यांना यूआयडी म्हटलं की आधार कार्ड आठवतं, त्यांना मी हे असंच समजावलं. ते लगेच म्हणाले, "मग हे आधी का नाही केलंस?" उत्तर नव्हतं.

मी काय केलं, आणि कुठे चुकलो

आधी पीएचपीचं मॉड्यूल बंद करून एफपीएम बसवलं आणि अपाची 'इव्हेंट' प्रकारावर नेला. प्रत्येक साइटला एक यूझर काढला, ज्याला लॉगिनचं शेल नाही. साइटचं सगळ्यात बाहेरचं फोल्डर त्या यूझरच्या मालकीचं, ग्रुप तेहतीस नंबरचा, परवानगी ७५०. म्हणजे मालक आत जाऊ शकतो, अपाची फोटो आणि सीएसएस वाचायला आत जाऊ शकतो, आणि बाकीचे पाच यूझर 'इतर' म्हणून दारातच अडतात. आतल्या फाईल्स नेहमीसारख्या ६४४ असल्या तरी चालतात, कारण दारच बंद आहे.

मग पूलच्या फाईल्स. एफपीएमसोबत एक नमुना येतो, मी त्याच्या सहा प्रती काढल्या आणि प्रत्येकीत पूलचं नाव, यूझर आणि सॉकेट बदललं. सर्व्हर चालू. तपासणीसाठी सुडो वापरून पेढ्यांचा यूझर झालो आणि क्लासची कॉन्फिग फाईल उघडायला गेलो. परवानगी नाकारली! खूश होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, हे सुडोने तपासलं, ब्राउझरमधून तपासलंच नाही. पेढ्यांच्या साइटमध्ये एक छोटी पीएचपी फाईल टाकली जी क्लासची कॉन्फिग वाचून दाखवेल. दाखवली! पासवर्डसकट.

घोळ असा होता की नमुन्यात यूझरच्या खालच्या ओळीत ग्रुप लिहिलेला असतो, आणि तो तेहतीस नंबरचाच असतो. मी यूझर बदलला, ग्रुप तसाच राहिला. त्यामुळे सहाही पूल तेहतीस नंबरच्या ग्रुपमध्ये होते, आणि ७५० मधला मधला ५ त्यांना आत घेत होता. सुडोने तपासताना मात्र पेढ्यांच्या यूझरला त्याचा स्वतःचा ग्रुप मिळत होता, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं. तेव्हा ग्रुपची ओळ बदलाच, आणि साइटच्या यूझरला कधीही तेहतीस नंबरच्या ग्रुपमध्ये घालू नका. 'परमिशन डिनाइड आलं तर यूझरला त्या ग्रुपमध्ये टाका' असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानला की सगळ्या भिंती एकदम पडतात.

दुसरी जागा सॉकेटची. एफपीएमशी बोलायला फाईलसारखं सॉकेट ठेवता येतं किंवा लोकलहोस्टचा पोर्ट, सहसा ९०००. पोर्ट ठेवू नका. पोर्टला परवानग्या नसतात. सर्व्हरवरचा कुठलाही यूझर क्लासच्या पूलला थेट निरोप पाठवून 'ही फाईल चालव' सांगू शकतो, आणि ती क्लासच्या यूझरखाली चालते. सॉकेट असेल तर त्याचा मालक तेहतीस नंबर आणि परवानगी ६६० ठेवली की फक्त अपाचीच बोलू शकतो. कनेक्शन जुळत नाही म्हणून वैतागून ६६६ करू नका.

तिसरी गोष्ट मला आवडते, कारण ती चोरटी आहे. पेढ्यांचा यूझर क्लासच्या फोल्डरमध्ये जाऊ शकत नाही, बरोबर. पण तो स्वतःच्या फोल्डरमध्ये क्लासच्या कॉन्फिगकडे बोट दाखवणारी सिमलिंक बनवू शकतो आणि तिला टेक्स्ट फाईलचं नाव देऊ शकतो. मग ब्राउझरमधून ती मागायची. अपाची सगळीकडे जाऊ शकतो, तो भोळेपणाने जातो, आणि टेक्स्ट आहे म्हणून पासवर्डसकट छापून देतो. अपाचीत 'मालक जुळला तरच सिमलिंक' असा पर्याय आहे. तो लावावा, पण त्यातही वेळेची फट आहे आणि अपाचीचं स्वतःचं मॅन्युअलच त्याला सुरक्षेचा उपाय मानू नका म्हणतं. पक्का उपाय म्हणजे कॉन्फिग फाईल ६०० करणं. आता ती फाईल साइटच्या यूझरची पीएचपी वाचते, अपाचीला ती वाचायची गरजच नाही. जुन्या पद्धतीत हे शक्य नव्हतं, नव्यात आहे.

डेटाबेसचाही प्रत्येक साइटला वेगळा यूझर हवा. माझ्याकडे सहा डेटाबेसना एकच यूझर होता. हे लिहितानाही हात जड होतोय. शिवाय एका एफपीएमखालचे सगळे पूल ऑपकॅशची मेमरी वाटून घेतात, म्हणून पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'ऑपकॅश डॉट व्हॅलिडेट परमिशन' चालू करा. ती मुळात बंद असते.

रॅमचं काय? माझ्याकडे पीएचपीची एक प्रोसेस साधारण ५० एमबी खाते. सहा पूलना प्रत्येकी जास्तीत जास्त ४ म्हणजे २४ प्रोसेस, सगळ्या एकदम उठल्या तर १२०० एमबी. पूल 'ऑनडिमांड' ठेवले, म्हणजे कुणी आलंच नाही तर प्रोसेस झोपतात. होमस्टेचा पूल पावसाळा सोडून जवळजवळ झोपलेलाच असतो. याचा एक फायदा मी धरलाच नव्हता. पूर्वी राज्यसेवेचा निकाल लागला की क्लासच्या साइटवर गर्दी व्हायची आणि पेढ्यांचं दुकानही बंद पडायचं. आता क्लासच्या चार प्रोसेस भरल्या की क्लासची रांग लागते, पेढे चालू राहतात.

हे कशापासून वाचवत नाही, तेही सांगतो. होमस्टेच्या साइटमध्ये भोक असेल तर होमस्टेची साइट जाणारच. तिचा यूझर तिच्या कोडचा मालक आहे, तो स्वतःचा कोड बदलू शकतो. कोड वेगळ्या यूझरच्या मालकीचा ठेवून फक्त अपलोडचं फोल्डर लिहिण्याजोगं ठेवता येतं, पण मग वर्डप्रेसचे आपोआप होणारे अपडेट थांबतात. माझ्या गिऱ्हाइकांसाठी मी अपडेट निवडले. जो माणूस दोन वर्षं प्लगिनला हात लावत नाही त्याने आपोआपचे अपडेट बंद करू नयेत.

आणि सगळ्या भिंती एकाच कर्नलवर उभ्या आहेत. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं तेव्हा कुणाचं पेव कुणाचं हे नदीने विचारलं नाही. २०१६ चं 'डर्टी काऊ' आणि २०२२ चं 'डर्टी पाईप' ही कर्नलमधली भोकं तशीच होती. साधा यूझर रूट व्हायचा आणि रूटला सगळी दारं उघडी. डॉकरमध्येही कर्नल तोच असतो, त्यामुळे 'मी डॉकर वापरतो, मला हे नको' असं म्हणता येत नाही. कर्नलचे अपडेट आणि त्यानंतरचं रीबूट टाळू नका. मी रविवारी पहाटे करतो. क्लासच्या डेटाबेससाठी मात्र नंतर वेगळा छोटा व्हीपीएस घेतला. मुलांचे नंबर पेढ्यांच्या शेजारी ठेवायचेच कशाला?

तुमची साइट शेअर्ड होस्टिंगवर असेल तर हे सगळं तुमच्या हातात नाही, पण तपासता येतं. एक छोटी पीएचपी फाईल टाकून प्रोसेसचा यूआयडी छापा. त्यासाठी 'पॉझिक्स गेट ईयूआयडी' हे फंक्शन आहे. 'गेट करंट यूझर' हे फंक्शन वापरू नका. नावावरून वाटतं तसं ते नाही, ते प्रोसेसचा नाही तर फाईलच्या मालकाचा यूझर सांगतं. आकडा ३३ आला, किंवा अपाची, एनजिनएक्स असल्या यूझरचा आला, तर होस्टिंगवाल्याला फोन करून विचारा की माझ्यासोबत याच यूझरखाली अजून किती साइट्स चालतात. तुमच्याच खात्याचा आकडा आला तर पुढचं तपासा: कॉन्फिग फाईल ६०० करून साइट चालते का बघा. चालली तर तशीच राहू द्या. आणि तपासून झालं की ती छोटी फाईल लगेच काढून टाका, मी ती पेढ्यांच्या साइटवर तीन आठवडे विसरलो होतो.